ठाण्यातील पायलट ग्राउंड स्कूल: वर्ग पहिल्या श्रेणीत, समुपदेशन काठावर

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या आणि वैमानिकच व्हायचे असे ठरवून बसलेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. ठाणे पश्चिमेला, नौपाड्यात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावरील एका ग्राउंड स्कूलमध्ये माझ्या मुलीने व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षांची तयारी केली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या या व्यवसायाच्या एकूण रीतीविषयीच्या आहेत आणि वाशी, बेलापूर, खारघर भागात चौकशी केली तेव्हा तोच प्रकार कमीअधिक प्रमाणात आढळला. थोडक्यात सांगायचे तर येथील शिकवणी उत्तम असून फी वसूल होते. मात्र ज्या समुपदेशनाच्या जोरावर प्रवेश दिले जातात ते अपुरे आहे, आणि कोणते महाविद्यालय, कोणती पदवी, कोणती उड्डाण संस्था या प्रश्नांची उत्तरे त्या टेबलावर शोधू नयेत.

आधी ग्राउंड स्कूल म्हणजे काय, हे स्पष्ट केलेले बरे. येथे विमान नसते आणि धावपट्टीही नसते. फळा, प्रोजेक्टर, नकाशे आणि प्रश्नसंच असतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले डीजीसीए, व्यावसायिक परवान्यासाठी ज्या लेखी परीक्षा घेते त्यांची तयारी येथे करून घेतली जाते. एअर नेव्हिगेशन (मार्ग काढणे), एव्हिएशन मिटिऑरॉलॉजी (हवामान), एअर रेग्युलेशन्स (नियम) आणि टेक्निकल जनरल (विमानाचे तंत्र) हे त्यातील मुख्य विषय. ज्या विमानावर प्रशिक्षण होणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक हा पेपर मुले बहुधा पुढे उड्डाण संस्थेत गेल्यावर देतात. प्रत्येक पेपरात ७० टक्के गुण मिळाले तरच उत्तीर्ण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, एवढाच काय तो दिलासा. याखेरीज रेडिओवरून बोलण्याचा परवाना, म्हणजे आरटीआर, वेगळा मिळवावा लागतो. उड्डाणाची अट एकूण २०० तासांची असून त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे असली पाहिजेत, आणि त्यात ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास, रात्रीची उड्डाणे व केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण यांचा हिशेब स्वतंत्रपणे द्यावा लागतो. वय १८ पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, आणि क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र. या सगळ्या यादीत महाविद्यालयाची पदवी कोठेही नाही. समुपदेशनाच्या टेबलावर नेमकी हीच गोष्ट सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू आवाजात सांगितली जाते.

चार विषय आणि आरटीआर मिळून फी २ लाख २५ हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ६५ हजार ५०० रुपये. लेखापरीक्षणाच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे पावती आधी आणि माहितीपत्रक नंतर वाचण्याची खोड मला आहे. पावती पक्की मिळाली, हप्ते दोन होते आणि त्यांच्या तारखा लेखी होत्या. याबाबतीत तक्रारीला जागा नाही.

आता वर्गाविषयी सविस्तर लिहितो, कारण या संस्थेचे खरे बळ तेथेच आहे. नेव्हिगेशन शिकवणारे सर हवाई दलातून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांचा आग्रह असा की, पहिले काही आठवडे कोणीही कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. गोल चकतीचा फ्लाइट कम्प्युटर प्रत्येकाच्या हातात दिला जातो आणि वाऱ्याचा त्रिकोण त्यावर सोडवून घेतला जातो. मार्ग थेट उत्तरेकडे, विमानाचा हवेतील वेग १०० नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल) आणि वारा पूर्वेकडून २० नॉट असेल, तर विमानाचे नाक किती अंश वळवायचे? पारदर्शक तबकडीवर पेन्सिलीने वाऱ्याची खूण करायची, पट्टी सरकवायची, आणि उत्तर वाचायचे: नाक सुमारे १२ अंश पूर्वेकडे आणि जमिनीवरील वेग ९८ नॉट. हेच उत्तर त्रिकोणमितीने पडताळून पाहिले की, बारावीला केवळ गुणांसाठी पाठ केलेली साइन-कोसाइनची सूत्रे कशासाठी होती ते मुलांना कळते. मुलगी घरी जेवणाच्या टेबलावर ती चकती फिरवत बसे, तेव्हा दोन लाखांचे काय झाले याचे उत्तर मला समोर दिसत होते.

याच सरांनी एकास-साठचा नियमही चांगला बिंबवला. ६० सागरी मैल गेल्यावर विमान मार्गापासून १ मैल बाजूला गेले असेल, तर चूक १ अंशाची आहे. ३० मैलांवर २ मैल बाजूला गेले असेल, तर ४ अंशांची. हा हिशेब वैमानिकाला विमान चालवता चालवता मनात करता आला पाहिजे, म्हणून वर्गात तो तोंडी विचारला जातो आणि उत्तराला वेळ लागला की प्रश्न शेजारच्या विद्यार्थ्याकडे जातो. काही मुलांना ही पद्धत जाचक वाटते, आणि एकदोघांनी तशी तक्रारही केली. मला ती योग्य वाटली.

हवामानाचा विषय शिकवणाऱ्या बाई त्याहूनही सरस आहेत. दिवसाची सुरुवात मुंबई विमानतळाचा त्या वेळचा हवामान अहवाल फळ्यावर लिहून होते. मेटार या नावाने ओळखला जाणारा हा अहवाल दूधवाल्याच्या वहीइतकाच त्रोटक असतो. ज्याला खुणा ठाऊक त्यालाच तो वाचता येतो. व्हीएबीबी म्हणजे मुंबई. पुढचे आकडे तारीख आणि वेळ, तीही जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्याकडील सकाळी आठचा अहवाल ०२३० या वेळेचा. त्यानंतर वाऱ्याची दिशा व वेग, मीटरमध्ये दृश्यता, धुरकटपणा असेल तर एचझेड, ढगांची उंची, तापमान, आणि शेवटी क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब. विद्यार्थ्याने उभे राहून तो संपूर्ण अहवाल साध्या वाक्यांत सांगायचा आणि मग बाई विचारणार की, क्यूएनएच १० हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक) चुकीचा लावला तर हवेच्या दाबावरून उंची दाखवणारा उंचीमापक किती चुकेल. ढोबळ हिशेबाने एका हेक्टोपास्कलला ३० फूट धरले, तर ही चूक ३०० फुटांची होते; उतरताना ढगांतून खाली येणाऱ्या विमानासाठी ३०० फूट म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

मे महिन्यातील एका दुपारी त्यांनी सगळ्या वर्गाला गच्चीवर नेऊन बदलापूरच्या बाजूला सह्याद्रीवर चढणारे वळवाच्या पावसाचे ढग दाखवले आणि क्युम्युलोनिम्बसच्या, म्हणजे गडगडाटी पावसाच्या उंच ढगाच्या, वाढीच्या तीन अवस्था प्रत्यक्ष समोर ठेवून समजावल्या. पुस्तकातील आकृतीत ढगाच्या माथ्याची सपाट ऐरण जशी दिसते तशी ती पूर्वेकडे पसरलेली होती. ठाण्यात राहून आपण हे ढग लहानपणापासून पाहतो आणि छत्री शोधतो. वैमानिकाने मात्र त्यांच्यापासून किती दूर राहावे आणि त्यांच्याखालून जाण्याचा मोह का टाळावा, हे तेथे उभे राहून ऐकल्यावर मुलीने त्या प्रकरणावरचे प्रश्न पुन्हा चुकवले नाहीत.

रेग्युलेशन्सचा वर्ग सामान्य आहे. नियम वाचून दाखवले जातात, मागील परीक्षांत आलेल्या धर्तीचे प्रश्न सोडवून घेतले जातात, आणि तेवढेच. टेक्निकल जनरल ठीक. आरटीआरच्या सरावाबाबत मात्र नाराजी आहे: या परीक्षेत विमान आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील संभाषण प्रत्यक्ष बोलून दाखवावे लागते व तोंडी प्रश्नही असतात, तेव्हा सरावाला वेळ हवा, येथे सरावाचा संच एकच असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडी मिनिटे येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हा सराव सर्वाधिक लागतो. परवान्यासाठी इंग्रजी भाषेच्या प्रावीण्याची किमान चौथी पातळी आवश्यक असते आणि ती व्याकरणापेक्षा ऐकण्याबोलण्यावर ठरते. शिक्षक शंका मराठीत विचारू देतात, उत्तरही मराठीत देतात, पण रेडिओच्या सरावात मराठी चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

एवढ्या चांगल्या वर्गाच्या बाहेर, स्वागतकक्षाशेजारी, समुपदेशनाचे टेबल आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून उलवे-पनवेलपासून ठाण्यापर्यंत विमान व्यवसायाविषयीची उत्सुकता वाढली आहे आणि त्या उत्सुकतेचा उपयोग प्रवेशांसाठी होतो आहे, हे येथे स्पष्ट दिसते. विमानतळ जवळ आला म्हणून कोणी वैमानिक होत नाही. विमानतळावरील बहुसंख्य नोकऱ्या जमिनीवरील असतात. तरीही ‘एव्हिएशन’ या एका शब्दाखाली बीबीए एव्हिएशन, विमानतळ व्यवस्थापनाची पदविका, विमान देखभाल अभियांत्रिकी आणि वैमानिक प्रशिक्षण ही चार वेगवेगळी क्षेत्रे एकाच माहितीपत्रकात शेजारी शेजारी छापलेली आहेत. बीबीए एव्हिएशन हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे. त्यातून कॉकपिटकडे जाणारा मार्ग नाही. देखभाल अभियंत्याचा परवाना हा स्वतंत्र आणि सन्मानाचा पेशा आहे, परंतु तो वैमानिक होण्याची पायरी नव्हे. एका गृहस्थांनी मुलाला याच गैरसमजातून बीबीएला घालण्याची तयारी चालवली होती, आणि टेबलापलीकडील व्यक्तीने त्यांचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

समुपदेशनातील मोठा दोष क्रमाचा आहे. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याने पहिला खर्च वैद्यकीय तपासणीवर करावा, कारण तेथेच नकार आला तर पुढचे लाखो रुपये वाचतात. क्लास टू ही प्राथमिक तपासणी डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरांकडे करता येते. क्लास वनची पहिली तपासणी बंगळुरू येथील हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनसारख्या मोजक्या मान्यताप्राप्त केंद्रांतच होते. चष्मा असला म्हणजे दरवाजा बंद, ही समजूत चुकीची आहे, कारण चष्म्याने दृष्टी आवश्यक तेवढी सुधारत असेल तर अडचण येत नाही. रंग ओळखण्यातील दोष मात्र गंभीर मानला जातो, आणि तो असलेल्या मुलाला अनेकदा स्वतःला त्याची कल्पनाही नसते. आम्हाला प्रवेशाच्या दिवशी ‘मेडिकल नंतर बघू, काका, आधी सीट लॉक करा’ असे सांगण्यात आले. आम्ही तपासणी आधी केली आणि पैसे नंतर भरले. सीट कोठेही गेली नव्हती.

दुसरी गोष्ट बारावीच्या विषयांची. महाराष्ट्र मंडळाच्या अकरावी-बारावीत गणित सोडून जीवशास्त्र घेणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे, आणि वैद्यकीय प्रवेश हुकल्यावर त्यांपैकी काही या क्षेत्राकडे वळतात. त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून गणित हा विषय बारावीच्या स्तरावर उत्तीर्ण होणे हा रूढ मार्ग आहे. वाणिज्य व कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही करावे लागतात. ही अट शिथिल करण्याची चर्चा २०२५ मध्ये झाली. परंतु चर्चेच्या भरवशावर लाखो रुपये भरायचे नसतात. या बाबतीत टेबलावर बरोबर माहिती मिळाली, हे नमूद केले पाहिजे. डीजीसीएकडे परीक्षांसाठी लागणारा संगणक क्रमांक घेताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची पडताळणी लागते, आणि ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना त्यासाठी वाशी येथील विभागीय मंडळाचे कार्यालय जवळ पडते, हेही त्यांनीच वेळेवर सांगितले.

आता पदवीविषयी, कारण बहुतेक पालकांची घालमेल तेथेच असते. सांगायचे म्हणजे मार्ग तीन आहेत. पहिला, बी.एस्सी. एव्हिएशनसारखा याच क्षेत्राचा पदवी अभ्यासक्रम; मुंबईत १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या महाविद्यालयात मुंबई विद्यापीठाशी संलग्न असा अभ्यासक्रम आहे. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला तो याच क्लबमध्ये शिकून, तेव्हा परंपरेबद्दल कोणी शंका घेणार नाही. अशा अभ्यासक्रमाचा लाभ असा की, डीजीसीएच्या पेपरांचे विषय आणि पदवीचे विषय बऱ्याच अंशी एक असतात. मर्यादा अशी की, पदवीच्या फीमध्ये उड्डाणाचे २०० तास धरलेले आहेत की नाहीत, हे प्रत्येक संस्थेत वेगळे विचारावे लागते, आणि वैमानिक होता आले नाही तर ‘एव्हिएशन’ची पदवी दुसऱ्या क्षेत्रात नेमकी कशी वापरायची, हा प्रश्न उरतो.

दुसरा मार्ग म्हणजे नेहमीची पदवी. ठाण्यात बांदोडकर महाविद्यालयात भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन बी.एस्सी. करणे हा कमी खर्चाचा व भक्कम पर्याय आहे. पण त्यात तीनचार वर्षे नियमित उपस्थिती द्यावी लागते, आणि उड्डाण प्रशिक्षण सुरू झाले की विद्यार्थी गोंदिया, बारामती किंवा परराज्यातील एखाद्या लहान धावपट्टीजवळच्या वसतिगृहात असतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी प्रामाणिकपणे होत नाहीत. तिसरा मार्ग मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. त्यात परीक्षा सांभाळून उड्डाण करता येते आणि पदवी हाती राहते. माझे मत या तिसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे आणि मुलीने तेच केले.

पदवीची गरज परवान्यासाठी नाही, पण वाईट दिवसांसाठी आहे. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२० मध्ये साथीने सगळी विमाने जमिनीवर उभी राहिली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली. या प्रत्येक वेळी परवाना खिशात असलेली माणसे घरी बसली. शिवाय वैद्यकीय प्रमाणपत्राचे नूतनीकरण ठरावीक मुदतीने करावे लागते, आणि शरीराने एकदा दगा दिला की परवाना असून नसल्यासारखा होतो. हे सर्व समुपदेशकाने पालकांना सांगायला हवे. येथे त्याऐवजी परराज्यातील एका विद्यापीठाशी ‘टायअप’ असलेली पदवी पुढे केली गेली; उपस्थितीचे विचारले तेव्हा ‘ते आम्ही सांभाळून घेतो’ हे उत्तर मिळाले, आणि विद्यापीठाचे संलग्नतेचे पत्र पाहायला मागितले तेव्हा ते कपाटात असून किल्ली दुसऱ्यांकडे आहे, असे कळले. किल्ली शेवटपर्यंत आली नाही.

परदेशी उड्डाण प्रशिक्षणासह सर्व काही एकाच रकमेत देणारे ‘पॅकेज’ हा या टेबलाचा लाडका विषय. परदेशात हवामान व विमानांची उपलब्धता चांगली असल्याने २०० तास लवकर पूर्ण होऊ शकतात, हे खरे आहे. आपल्याकडे पावसाळ्यात उड्डाणे वारंवार खोळंबतात. परंतु परदेशी परवाना घेऊन आलेल्यालाही भारतात परवाना मिळवण्यासाठी डीजीसीएच्या लेखी परीक्षा द्याव्याच लागतात, आणि ‘परत आल्यावर इथली परीक्षा नावापुरती असते’ हे जे वाक्य आम्हाला ऐकवले गेले, त्याला याच संस्थेतील नेव्हिगेशनच्या सरांनी वर्गात सर्वांसमोर खोडून काढले. पेपर आधी, विमान नंतर, असा त्यांचा सल्ला. एकाच छताखाली दोन विरुद्ध सल्ले मिळतात, आणि त्यातील मोलाचा सल्ला फी भरल्यानंतरच कानी पडतो, हा या संस्थेचा खरा दोष आहे.

त्या पॅकेजच्या अंदाजपत्रकावर एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी लावलेला होता. ग्राउंड क्लासच्या शिकवणीवर तो लागतो, हे मान्य. पण डीजीसीएची मान्यता असलेल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना जीएसटी लागू नाही, असे स्पष्टीकरण जीएसटी परिषदेच्या सप्टेंबर २०२४ मधील बैठकीनंतर आलेले आहे. मग भारतातील उड्डाणाच्या रकमेवर हा कर कशाच्या आधारे, असे विचारल्यावर टेबलापलीकडे शांतता पसरली. पन्नास लाखांच्या खर्चावर १८ टक्के म्हणजे ९ लाख रुपये होतात, तेव्हा हा प्रश्न प्रत्येक पालकाने लेखी विचारावा. उड्डाण संस्थेची फी थेट त्या संस्थेच्या खात्यात, तिच्या पावतीवर भरावी. मध्ये कोणी नको.

खर्चाची ढोबळ कल्पना असावी म्हणून सांगतो: भारतात व्यावसायिक परवान्यापर्यंतचा (सीपीएल) खर्च सहजपणे ५० लाखांच्या आसपास किंवा पुढे जातो, त्यानंतर एअरबस ए ३२० सारख्या विमानासाठीचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, वेगळे, आणि विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांचा एकूण आकडा एक कोटीच्या घरात किंवा त्यापलीकडे असतो. कॅडेट योजनेत निवड आधी होते आणि पुढील मार्ग आखलेला असतो, हा तिचा फायदा. शैक्षणिक कर्ज मिळते, पण साडेसात लाखांच्या पुढे बँक तारण मागते, आणि ठाण्यातील मध्यमवर्गीय घरात तारण म्हणजे राहते घरच. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ हे शब्द येथील भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहेत. डीजीसीएने २०२३ या एका वर्षात १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. त्या सर्वांना विमान कंपन्यांची लेखी परीक्षा, सिम्युलेटर चाचणी आणि मुलाखत द्यावी लागते, आणि तेथे ठाण्यातील ग्राउंड स्कूलचे पत्र उपयोगी पडत नाही. भिंतीवरील त्या ओळीखाली अटींची छोटी अक्षरेही नाहीत.

उड्डाण संस्था निवडण्यासाठी आता एक बरा आधार उपलब्ध झाला आहे. २०२५ पासून डीजीसीए देशातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देऊ लागले असून ती वर्षातून दोनदा जाहीर होते. सुरक्षितता, विमाने व विद्यार्थी यांचे प्रमाण, प्रशिक्षणाला लागणारा वेळ अशा बाबी त्यात पाहिल्या जातात. याशिवाय संस्थेत प्रत्यक्ष जाऊन किती विमाने उडण्याच्या स्थितीत आहेत आणि एका विद्यार्थ्याला महिन्याला किती तास मिळतात, हे तेथील विद्यार्थ्यांनाच कॅन्टीनमध्ये विचारावे. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था असून तेथे प्रवेश परीक्षेतून जावे लागते. तिची माहिती आमच्या समुपदेशकाने स्वतःहून दिली नाही, बहुधा तेथे दलाली नसल्यामुळे. मुलींना वसतिगृह व सुरक्षितता यांची चौकशी अधिक करावी लागते; तरी भारतातील वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट, आणि येथील वर्गातही मुलींची संख्या लक्षात येण्याजोगी होती. नातेवाइकांपैकी ज्यांनी ‘मुलीला हे कशाला’ म्हटले त्यांना हा आकडा सांगितला. फरक पडला नाही.

संस्थेची जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, वातानुकूलन चालते, अभ्यासिका रात्री आठपर्यंत उघडी असते आणि तेथे शांतता पाळली जाते. ऐरोली, घणसोली, वाशीकडून येणाऱ्या मुलांना ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला उतरून पायी येता येते. कल्याण-डोंबिवलीकरांना सकाळच्या वर्गासाठी गर्दीशी झुंजावे लागते, म्हणून दुपारची तुकडी निवडावी. प्रश्नसंचांची ऑनलाइन मालिका फीमध्ये आहे, असे तोंडी सांगितले जाते, परंतु ती केवळ पहिल्या प्रयत्नापर्यंत असते. पुढे तिचे वेगळे पैसे पडतात.

नवी तुकडी बारावीच्या निकालानंतर सुरू होते. ज्यांना सर्व विषयांची गरज नाही त्यांना एकेक विषयही घेता येतो, मात्र ही सोय माहितीपत्रकात छापलेली नाही, मागावी लागते. नेव्हिगेशन आणि हवामान हे दोन विषय येथेच करावेत. रेग्युलेशन्स घरी वाचून होते. आरटीआरसाठी तुकडीत किती विद्यार्थी आहेत ते आधी विचारावे, आणि ते वीसहून अधिक असतील तर सरावाच्या जादा वेळेचे आश्वासन पावतीच्या मागे लिहून, सही घेऊनच पैसे भरावेत.